गाडीचा एसी रुसला तर...

गोष्ट मे महिन्यातली. भाचीला आणि तिच्या दोन महिन्यांच्या बाळाला सोलापूरला सासरी पोचवायला आम्ही पुण्याहून निघालो. ‘एसी आहे, मग उन्हाची काय काळजी?’ म्हणून आरामात, अकराच्या सुमारास. इंदापूर मागे पडले आणि एसीतून चक्क कोमट वारा येऊ लागला. काचा उघडाव्यात तर बाहेर नुसती भट्टी! बाळ लालबुंद झाले, दूध ओढीना. शेवटी टेंभुर्णीला एका खानावळीच्या ओसरीवर ओल्या पंच्याने त्याचे अंग पुसत आम्ही दोन तास काढले. बाळ सावरले, पण भाचीचा तो घाबराघुबरा चेहरा मी अजून विसरलेली नाही.

मनाला चुटपुट लागली ती वेगळ्याच गोष्टीची. त्या एका वर्षात मी तीनदा गॅस भरून घेतला होता. “गॅस संपलाय, ताई,” असे गॅरेजमध्ये सांगायचे आणि मी मुकाट्याने पैसे मोजायची. स्वयंपाकाचा गॅस जळतो म्हणून संपतो. हा कुठे जळतो, असे एकदाही विचारले नाही!

मैत्रिणींनो, आता आपल्यापैकी कितीतरी जणी स्वतः गाडी चालवतात. दुरुस्ती आपण केलीच पाहिजे असे नाही. पण दुखणे कुठे आहे एवढे तरी ओळखता यायला हवे.

थंडावा येतो कुठून?

माठातले पाणी बाहेर पाझरते, त्याची वाफ होते आणि ती जाताना उष्णता घेऊन जाते, म्हणून आतले पाणी गार होते. एसीचेही तसेच, बरं का! डॅशबोर्डाच्या आत एक जाळीदार पेटी असते. तिच्यात द्रवरूप गॅसची वाफ होते आणि गाडीतल्या हवेची उष्णता ती शोषून घेते. मग कॉम्प्रेसर ही वाफ दाबतो आणि गाडीच्या पुढच्या तोंडाशी असलेल्या कंडेन्सरच्या जाळीत ती उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव होते. तोच गॅस सारखा फिरत राहतो. तेव्हा गॅस एकाएकी कमी झाला, तर तो कुठूनतरी गळाला असेच समजावे.

घरच्या घरी परीक्षा

गाडी उघड्यावर उभी करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नये. त्याचा धूर जीवघेणा असतो. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणी वर बांधा. बॉनेटखालचा पंखा केव्हाही अचानक फिरू लागतो.

१) वाराच कमी येतो? मग दोष बहुधा गॅसचा नाही. बऱ्याच गाड्यांत पुढच्या खणाच्या मागे हवेची गाळणी, म्हणजे केबिन फिल्टर असतो. गाडीच्या पुस्तिकेत जागा दाखवलेली असते. खण उतरवून गाळणी ओढून पाहा. धूळ, पाने, कधी उंदराने आणलेली चिंधीसुद्धा निघते! कागदी गाळणी धुऊ नये, बदलावी. नवी बसवताना तिच्यावरच्या बाणाची दिशा जुनीसारखीच ठेवा.

२) धावताना गार, सिग्नलला गरम? मग कंडेन्सर किंवा त्याचा पंखा पाहा. एसी लावल्यावर पुढचा पंखा फिरतो का, हे लांबूनच बघा. काही गाड्यांत तो थांबून थांबून फिरतो, म्हणून थोडा वेळ थांबा. जाळीत चिखल, किडे अडकले असतील तर इंजिन बंद करून, गार झाल्यावर बागेच्या नळीने हलक्या धारेने धुवा. जोराची धार नको. पत्रे नाजूक असतात, लगेच वाकतात.

३) वारा भरपूर, पण मुळीच गार नाही? एसीचे बटण दाबताच अनेक गाड्यांत ‘टक्’ असा आवाज येतो. कॉम्प्रेसर जोडला गेल्याची ती खूण. तो आवाज नसेल तर पुस्तिकेत पाहून एसीचा फ्यूज तपासा. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. तारेचा तुकडा जोडून वेळ मारून नेऊ नका. आग लागू शकते. नवा फ्यूजही उडाला तर गाडी इलेक्ट्रिशियनकडे न्या.

४) पायाखाली पाणी, कुबट वास? एसी चालू असता गाडीखाली पाणी टपकते ते चांगले लक्षण. ते बाहेर न जाता पायपुसणे भिजवू लागले, तर पाणी जाण्याची नळी तुंबली असे समजा. वास येत असेल तर मुक्कामाला पोचण्याआधी चारपाच मिनिटे एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा. आतली जाळी सुकते, बुरशी धरत नाही.

५) पाईपांच्या सांध्यांवर तेलकट डाग? गॅसबरोबर थोडे तेलही फिरत असते. गॅस गळतो तिथे ते झिरपते आणि त्यावर धूळ चिकटते. इंजिन बंद आणि गार असताना विजेरी धरून पाहा. आमच्या गाडीत सोलापूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी फडक्याने पुसून दाखवला तो असाच डाग. सांध्यातली रबराची छोटीशी रिंग कडक होऊन गेली होती. तीन वेळा भरलेला गॅस तिथूनच उडाला होता!

इथे हात लावू नये

गॅसचे पाईप सैल करू नयेत. स्कूटरच्या चाकात तीस पौंडांच्या आसपास हवा असते. उन्हाळ्यात एसीच्या दाबाच्या पाईपात दोनशे पौंडांहून जास्त दाब असतो. आर-१३४ए हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो. अंगावर उडाला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर विचारूच नका. हवेत सोडणेही बरे नाही. पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून भारी आहे. विजेवरच्या गाडीत तर नारिंगी वायरींच्या वाटेला जाऊच नये.

गॅरेजमध्ये काय विचाराल?

“गळती कुठे सापडली?” हा पहिला प्रश्न. कळशी गळत असली तर आपण आधी भोक शोधतो, नुसते पाणी ओतत बसत नाही. दुसरा प्रश्न, “व्हॅक्यूम करणार ना?” पाईपांतली हवा आणि दमटपणा काढल्याशिवाय गॅस भरू नये. तिसरा, “किती ग्रॅम भरणार?” बॉनेटखालच्या चिठ्ठीवर गॅसची जात आणि वजन छापलेले असते. जास्त भरला म्हणजे जास्त गार, असे नाही. उलट थंडावा कमी होतो. आणि बदललेला जुना भाग मागून घ्या. त्यात संकोच कसला?

एसी कितीही चांगला असो, तान्हे मूल बरोबर असेल तर उन्हाळ्यात पहाटेच निघावे. पाणी आणि एक पंचा हाताशी असावा. आणि ‘दोन मिनिटांत येते’ म्हणून मुलाला बंद गाडीत मुळीच ठेवू नये.

परवा बाळाच्या उष्टावणाला सोलापूरला गेलो. निघण्यापूर्वी गाळणी पाहिली, पंखा पाहिला, सांधे फडक्याने पुसले. सगळे मिळून वीस मिनिटे लागली. तुम्हीही या रविवारी एकदा बॉनेट उघडून पाहा!