रोहिणीची लवचिकता

मनगटावर बोट ठेवले असता नाडीचे ठोके जाणवतात. ते रोहिणीच्या भित्तीचे स्पंदन होय. हृदयाकडून शरीराकडे रक्त वाहून नेणाऱ्या या वाहिन्या लोखंडी नळाप्रमाणे ताठ नसतात. हृदयाचे आकुंचन होताच महारोहिणी फुगते व काही रक्त स्वतःत सामावून घेते. हृदय शिथिल झाले की ती पूर्ववत होऊन ते रक्त पुढे ढकलते. त्यामुळे दोन ठोक्यांच्या दरम्यानही रक्तप्रवाह चालू राहतो. भित्तीला ही लवचिकता मुख्यतः इलॅस्टिन या प्रथिनाच्या तंतूंमुळे लाभते.

रोहिणीविलेपविकारात, म्हणजेच ॲथेरोस्क्लेरोसिसमध्ये, भित्तीच्या आतील थरात कोलेस्टेरॉल साठते, तंतुमय ऊतक वाढते आणि पुढे कॅल्शियमचे क्षारही जमतात. त्यामुळे रोहिणी अरुंद होते, तशीच ताठरही होते. वाढत्या वयानेही ताठरपणा येतो. ताठर महारोहिणी पुरेशी फुगत नाही. परिणामी वरचा रक्तदाब वाढतो, खालचा कमी होऊ शकतो आणि हृदयाचे श्रम वाढतात. शिवाय साठ्यावरील पातळ आवरण ताणामुळे फाटले, तर तेथे रक्ताची गुठळी होते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत असे घडल्यास हृदयविकाराचा झटका येतो.

हे बदल वर्षानुवर्षे कोणतेही लक्षण न दाखवता होत असतात. म्हणून तक्रार नसली तरी प्रौढ व्यक्तीने रक्तदाब वेळोवेळी तपासून घ्यावा, तंबाखू व धूम्रपान यांपासून दूर राहावे, आहारात मीठ बेताचे ठेवावे आणि नियमित चालावे.