पोटातली वस्ती, यकृताचा शेजार

बालाघाट जिल्ह्यातल्या लांजीत रात्रीच्या ताटात चिन्नोरचा भात असो की साध्या धानाचा, तो पचायला लागला की त्यातली साखर आतड्याच्या भिंतीतून रक्तात उतरते. पण हे रक्त सरळ हृदयाकडे जात नाही. जठर आणि दोन्ही आतड्यांतून निघालेल्या बारीक शिरा एका जाड शिरेत येऊन मिळतात आणि ती शीर थेट यकृतात शिरते. डॉक्टर तिला पोर्टल व्हेन म्हणतात. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी साधारण तीन चतुर्थांश रक्त याच वाटेने येते. इतर अवयवांना हृदयाने धाडलेले ताजे रक्त मिळते. यकृताच्या वाट्याला मात्र मुख्यतः आतडे फिरून आलेले रक्त येते.

आणि आतड्यात आपण एकटे नसतो. माणसाच्या शरीरात अंदाजे 38 लाख कोटी जिवाणू राहतात, त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. त्यांच्या आणि आपल्या रक्ताच्या मध्ये श्लेष्माचा थर आणि पेशींचा फक्त एक पदर असतो. अवघ्या एका पेशीच्या जाडीचा! जिवाणूंनी बनवलेली रसायने आणि मेलेल्या जिवाणूंच्या कवचाचे तुकडे त्यातून थोडे थोडे झिरपत राहतात. ते सर्वांत आधी पोहोचतात यकृतात. यकृताच्या कर्करोगाचा विचार करताना ही वाट लक्षात ठेवली पाहिजे, असे मला फार वाटते. कारण जगात दरवर्षी साडेआठ लाखांहून अधिक लोकांना हा कर्करोग होतो, आणि कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंमध्ये तो तिसऱ्या क्रमांकावर आहे.

त्याची मोठी कारणे ठाऊक आहेत: हिपॅटायटिस बी आणि सी, दारू, यकृतात साचणारी चरबी, आणि बुरशी लागलेल्या मक्यात किंवा शेंगदाण्यात तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष. जिवाणूंचे नाव या यादीत नव्हते. ते आले उंदरांमुळे. 1992 मध्ये अमेरिकेत मेरीलँडमधल्या फ्रेडरिक इथे, राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या प्रयोगशाळेत एका दीर्घ प्रयोगासाठी उंदीर पाळले होते. ज्यांना कुठलेही रसायन दिले नव्हते, केवळ तुलनेसाठी ठेवले होते, त्याच उंदरांच्या यकृताला सूज आली आणि गाठी झाल्या. शोध घेताना यकृतात मळसूत्री आकाराचा एक जिवाणू सापडला. पुढे त्याला हेलिकोबॅक्टर हिपॅटिकस हे नाव मिळाले.

खरे नवल 2010 मध्ये कळले. एमआयटीतल्या जेम्स फॉक्स यांच्या गटाने हाच जिवाणू आणि अफ्लाटॉक्सिन यांचा एकत्र परिणाम उंदरांवर तपासला. जिवाणू आतड्यातच राहिला, यकृतापर्यंत गेलाच नाही. तरीही यकृतातल्या गाठी वाढल्या. जिथे तो पाऊलही ठेवत नाही, तिथला आजार तो वाढवत होता.

दोन वर्षांनी कोलंबिया विद्यापीठात रॉबर्ट श्वाबे आणि सहकाऱ्यांनी यामागचा एक दुवा उलगडला. काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात एंडोटॉक्सिन नावाचा रेणू असतो. यकृतातल्या पेशींवरचा टीएलआर-4 नावाचा ग्राही (रिसेप्टर) हा रेणू ओळखतो आणि सूज चेतवतो. ज्या उंदरांत हा ग्राहीच नव्हता, किंवा जे जन्मापासून जिवाणूविरहित वाढवले होते, त्यांच्यात गाठी पुष्कळ कमी झाल्या. त्यातही बारकावा असा की, कर्करोगाची सुरुवात होण्यासाठी जिवाणूंची गरज नव्हती. तो वाढण्यासाठी होती. पऱ्हे टाकणारा वेगळा आणि बांधीत पाणी धरून ठेवणारा वेगळा, असे काहीसे हे नाते.

पित्ताची गोष्ट मला याहून विलक्षण वाटते. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवते, ती चरबी पचवायला आतड्यात उतरतात आणि त्यातली सुमारे 95 टक्के परत शोषली जाऊन यकृतात येतात. उरलेली मोठ्या आतड्यात जिवाणूंच्या हाती लागतात. ते त्यांची घडण बदलतात. असे बदललेले एक आम्ल म्हणजे डीऑक्सिकोलिक आम्ल, आणि तेही काही प्रमाणात यकृतात परतते. 2013 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की, तेलातुपाच्या आहाराने लठ्ठ झालेल्या उंदरांत हे आम्ल वाढते, यकृतातल्या काही पेशी त्याने अकाली म्हाताऱ्या होतात आणि अशा पेशींनी सोडलेली रसायने शेजारच्या पेशींना कर्करोगाकडे ढकलतात. 2018 मध्ये अमेरिकेत टिम ग्रेटेन यांच्या गटाला दुसरी बाजू दिसली. व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाने पित्ताम्ले बदलणारे जिवाणू मारले, तेव्हा यकृताच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराने एक संदेश-रसायन सोडले. त्याच्या हाकेने रोगप्रतिकारक पेशी यकृतात गोळा झाल्या आणि गाठी कमी झाल्या. हा उंदरांवरचा प्रयोग आहे. तो वाचून कुणी प्रतिजैविकांची पाने आणू नयेत. ही औषधे उपयोगाचे जिवाणूही मारतात.

मग चांगले खाल्ले की झाले का? तेही इतके सरळ नाही. त्याच वर्षी टोलेडो विद्यापीठात मतम विजयकुमार आणि विशाल सिंह यांनी उंदरांच्या खाण्यात शुद्ध केलेले इन्युलिन मिसळले. हा विरघळणारा तंतू आरोग्याला चांगला मानला जातो. पण ज्या उंदरांतली जिवाणूंची घडी आधीच विस्कटली होती, त्यांच्यातल्या काहींना कावीळ झाली आणि पुढे यकृताचा कर्करोग. भाजीतला तंतू आणि कारखान्यात वेगळा काढलेला तंतू एकच नव्हे, हे मला त्यातून ठळकपणे दिसते.

म्हणूनच आपल्या पोटातली वस्ती कशी आहे, हे महत्त्वाचे ठरते. लांजी 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होती, आता भोपाळच्या राज्यात आहे. रोजचे बोलणे-चालणे मात्र अजून महाराष्ट्रातल्या गोंदियाशी जुळलेले. सुदैवाने पोटातल्या वस्तीचा अभ्यास दोन्ही राज्यांत झाला आहे. भोपाळच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2019 मध्ये भोपाळ आणि केरळ इथल्या 110 निरोगी माणसांच्या जिवाणूंचे जनुक वाचले. धान्य-डाळी-भाज्या खाणाऱ्या भोपाळच्या लोकांत प्रिव्होटेला या जिवाणूंचे राज्य होते. पुण्यातल्या शास्त्रज्ञांनी त्याआधी 2012 मध्ये, एकाच छपराखाली तीन पिढ्या नांदणाऱ्या दोन एकत्र कुटुंबांचा अभ्यास करून वयाबरोबर ही वस्ती कशी बदलते ते पाहिले. घर एक, चूल एक, आणि तरी आजोबा, मुलगा, नातू यांच्या आतड्यातली वस्ती वेगळी! पुण्यातच माणसाच्या विष्ठेतून वेगळ्या काढलेल्या एका नव्या जिवाणूला 2014 मध्ये मेगास्फेरा इंडिका हे नाव मिळाले.

धानाच्या मुलखात आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. भात थंड झाला की त्यातल्या काही स्टार्चची रचना बदलते. मग आपले पाचकरस त्याला फोडू शकत नाहीत, तो मोठ्या आतड्यात पोहोचतो आणि जिवाणू त्यापासून ब्युटिरेट बनवतात. आतड्याच्या त्या एका पेशीच्या पदराला हेच ब्युटिरेट पोसते. 2023 मध्ये चीनमध्ये यकृतात चरबी साचलेल्या 200 लोकांवर चाचणी झाली. त्यातल्या निम्म्यांना चार महिने असा न पचणारा स्टार्च दिला, तो मक्याचा होता. त्यांच्या यकृतातली चरबी कमी झाली आणि त्यात जिवाणूंच्या बदलाचा वाटा दिसला. शिळा भात मात्र उन्हाळ्यात रात्रभर उघडा राहिला, तर त्यात उलटी-जुलाब करणारा बॅसिलस सेरियस वाढतो, तेव्हा जपूनच.

या सगळ्यात मला सर्वांत थक्क करून सोडले ते हिपॅटायटिस बीने. हा विषाणू प्रौढ माणसाला झाला, तर शंभरातले पंचाण्णव तरी तो परतवून लावतात. जन्मतः आईकडून बाळाला झाला, तर शंभरातल्या सुमारे नव्वद बाळांत तो कायमचा मुक्काम करतो आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढवतो. विषाणू तोच, मग फरक कशाचा? तैवानच्या शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये त्याचे एक उत्तर उंदरांत शोधले. मोठे उंदीर विषाणू घालवत होते, लहान उंदरांना ते जमत नव्हते. मोठ्यांना प्रतिजैविके देऊन त्यांच्या आतड्यातले जिवाणू मारले, तेव्हा त्यांनाही जमेना. म्हणजे विषाणूला कसे हाकलायचे, हे यकृत जिवाणूंची वस्ती प्रौढ झाल्यावर शिकत होते. ज्या वस्तीतल्या जिवाणूंचे तुकडे वर कर्करोगाला पोसताना दिसले, तीच वस्ती इथे यकृताला राखत होती.

नवजात बाळाची ही वस्ती नुकती कुठे बसू लागलेली असते. ती प्रौढ होईपर्यंत थांबता येत नाही. म्हणून लांजीत जन्मलेल्या बाळाला असो की गोंदियात, हिपॅटायटिस बीच्या लशीचा पहिला डोस जन्मल्यापासून 24 तासांच्या आत द्यायचा असतो. सरकारी लसीकरणात ही लस देशभर 2011 पासून मोफत मिळते.