संगमनेरात जुनी अल्टो: ठेवावी की विकावी?

घरचे मोठ्या गाडीसाठी मागे लागलेत, पण आमची ७९६ सीसी अल्टो मला अजून विकवत नाही. २००० साली भारतात आलेलं हे मॉडेल. इंजिन तीन सिलिंडरचं, मारुती ८०० च्याच घराण्यातलं. बाजारपेठेत हातगाड्यांच्या गर्दीतून ती अलगद निघते, पार्किंगलाही कुठेही मावते.

खरा कस चंदनापुरी घाटात लागतो. चार माणसं आणि एसी सुरू, की तिसऱ्या गिअरमध्ये दम लागलाच. एसी बंद करा, दुसरा टाका, डावीकडून निवांत चढा. उतरतानाही खालचाच गिअर ठेवा, नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापतात.

टायमिंग बेल्ट मात्र वेळेवर बदला. बाहेरून काही कळत नाही, तुटला की गाडी जागेवर बंद! क्लचचं पेडल जड लागलं तर आधी केबल बघा, लगेच क्लचप्लेटचा खर्च काढू नका. चाकं बाराच इंची, त्यामुळे खड्डा थेट कंबरेला कळतो.

पंधरा वर्षं झाली, की श्रीरामपूर आरटीओत (आपलं एमएच १७) तपासणी आणि पर्यावरण कर भरून नोंदणी पाच वर्षं वाढते. त्याआधी पत्र्याचा गंज बघून घ्या, विशेषतः दारांच्या खालच्या कडांचा.