कोळ्याचं पिल्लू आणि पाण्याचे चार थेंब

श्रावणात कानबाईचे रोट होतात त्या सुमाराला जळगाव-धुळ्याकडच्या बांधांवर कोळ्यांची गोल जाळी वाढू लागतात. तुरीच्या दोन फांद्यांमध्ये तळहाताएवढं जाळं, मध्यभागी पांढरी रेशमी टिकली आणि तिच्यावर पाय दोन-दोन जोडून फुलीसारखं बसलेलं पिल्लू दिसलं, की समजावं हा सिग्नेचर स्पायडर. मोठेपणी मादी टिकलीऐवजी नागमोडी पांढऱ्या पट्ट्या विणते.

मुलं हे पिल्लू हौसेनं बरणीत घालून घरी आणतात. झाकणाला भोकं पाडतात, एखादी मुंगी टाकतात, आणि दोन-चार दिवसांत पिल्लू पाय आक्रसून पडतं. उपाशी मेलं, असं सगळ्यांना वाटतं. खरं तर कोळी बरेच दिवस उपाशी राहू शकतो. त्याला सोसत नाही ती तहान. कोळ्याच्या पायांच्या मुख्य सांध्यांत पाय सरळ करणारे स्नायूच नसतात. शरीरातल्या द्रवाच्या दाबानं पाय लांब होतात. पाणी आटलं की दाब उतरतो आणि पाय पोटाशी वळतात.

1973 साली अमेरिकेच्या स्कायलॅब या अवकाशस्थानकावर ॲराबेला आणि अनिता नावाच्या दोन कोळी माद्या नेल्या होत्या. वजनरहित अवस्थेत ॲराबेलाचं पहिलं जाळं ओबडधोबड झालं, पण काही दिवसांत तिनं चांगलं गोल जाळं विणून दाखवलं. दोघीही त्या मोहिमेत मेल्या, बहुधा पाण्याअभावीच. इतक्या देखरेखीखाली ही गत, तर खान्देशच्या कोरड्या हवेत बरणीतल्या पिल्लाचं काय होणार!

म्हणून पिल्लू सांभाळायचंच असेल तर आधी पाण्याचं बघा. वाटीत ठेवलेल्या पाण्यापर्यंत ते उतरून येत नाही. रोज संध्याकाळी स्प्रेच्या बाटलीनं जाळ्यावर दवासारखा बारीक शिडकावा करा. पिल्लू थेंबापाशी येऊन तोंड लावतं आणि थेंब हळूहळू लहान होत जातो.

दुसरी गरज जागेची. जाळं उभं आणि गोल असतं, त्यामुळे उंच, रुंद पण कमी खोलीची चौकट हवी. लाकडी चौकटीला आतून तुराट्यांचे तुकडे बांधा, पुढून-मागून काच लावा, हवेसाठी वरच्या बाजूला मलमल ताणा. काचेला आतून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवला की धागे काचेला चिकटत नाहीत आणि पिल्लू चौकटीतच जाळं विणतं. एका चौकटीत एकच पिल्लू ठेवा, नाहीतर एक दुसऱ्याला खाऊन टाकतं. चौकट ज्या खोलीत ठेवाल तिथे मच्छर अगरबत्ती किंवा लिक्विड अजिबात लावू नका.

खाण्याची मात्र आपल्याकडे चंगळ आहे. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात चिलटांना काय तोटा? पिकलेल्या केळ्याचा तुकडा उघड्या बाटलीत ठेवा, चिलटं जमली की तोंडाला कापसाचा बोळा लावा. दीड-दोन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. एक-दोन दिवसाआड दोन-तीन चिलटं पुरेत. भक्ष्य पिल्लापेक्षा मोठं नसावं, आणि फवारणी झालेल्या कपाशीतला किडा तर कधीच देऊ नये.

मधेच पिल्लू खाणं सोडून निश्चल लटकलं तर घाबरू नका, ते कात टाकायच्या तयारीत असतं. धाग्याला टांगून घेऊन ते जुन्या कातीतून एकेक पाय सोडवतं. त्या वेळी अंग इतकं मऊ असतं की नुसता धक्काही जिवावर बेतू शकतो. आत जिवंत किडा ठेवू नका, चौकट हलवू नका. आधी तुटलेला पाय या वेळी पुन्हा फुटलेला दिसतो, थोडा आखूड का होईना. माझ्या मते सगळा खटाटोप एवढं पाहायला मिळावं म्हणून करावा.

चार-पाच दिवसांत जाळंच विणलं नाही, तर हट्ट न करता पिल्लू परत सोडा. चांगलं वाढलं तरी नवरात्रापर्यंत त्याला जिथून आणलं त्याच बांधावर, संध्याकाळी, फवारणी नसताना सोडून द्या. मादीचं आयुष्य साधारण वर्षभराचं. अंड्यांची पिशवी तिनं शेतातच विणावी, म्हणजे पुढच्या हंगामात पिकावरच्या किडी खाणारी फौज तिथेच तयार होते. आणि यावल, अनेर धरण किंवा गौताळा अभयारण्यात गेलात तर एकही पिल्लू उचलू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथला कोणताही प्राणी परवानगीशिवाय बाहेर नेणं हा गुन्हा आहे.