पर्यावरणाचे अर्थकारण – 6 : केळीच्या घडातले पाणी

मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे 12 एप्रिल 2016 रोजी लातूरला पोचली. त्या वेळी 10 वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. पुढे 50 वाघिणींची गाडी एका खेपेत 25 लाख लिटर आणू लागली. हा आकडा ध्यानात ठेवून नांदेडजवळच्या अर्धापूरच्या केळीच्या शिवारात चला.

केळीला लागवडीपासून काढणीपर्यंत साधारण 1,800 ते 2,000 मिलिमीटर पाणी लागते. हेक्टरभर रानावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे 10 हजार लिटर. म्हणजे एक हेक्टर केळी दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी पिते, लातूरच्या सात-आठ गाड्यांइतके. त्यातले काही पावसाचे, बाकीचे इसापूर धरणाच्या कालव्याचे नाहीतर विहिरीचे.

म्हणून लगेच केळीवाल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नका. पाणी सगळीकडे तेच असले तरी त्याचे मोल जागा, वेळ आणि गरज यांवर ठरते. भरल्या धरणाच्या वर्षी केळीला दिलेल्या पाण्याने दुसऱ्या कोणाचे फारसे अडत नाही. शहराला पाणी पुरवणाऱ्या विष्णुपुरी धरणाचा साठा खालावला की मात्र नांदेड शहरासाठी इसापूरचेच पाणी आसना नदीवरच्या सांगवी बंधाऱ्यात आणावे लागते. त्या महिन्यात बागेच्या एका पाळीची खरी किंमत म्हणजे शहराला न मिळालेले पाणी. अर्थशास्त्रात याला संधी-खर्च म्हणतात. तो पाणीपट्टीच्या पावतीवर कुठेच छापलेला नसतो.

पावतीवर असते पीक, हंगाम आणि क्षेत्र. आपल्याकडे कालव्याच्या पाण्याची आकारणी मुख्यतः हेक्टरवर होत आली. किती पाणी घेतले हे फारसे कोणी मोजले नाही. त्यातून वरच्या अंगाला पाटाने मोकळे भिजवणे आणि टेलच्या गावाला कोरडी चारी. जास्त पाण्याने रान चिबड झाले तर तो तोटा बऱ्याचदा खालच्या शेजाऱ्याचा. त्याच पाटाचे पाणी झिरपून आसपासच्या विहिरींना आधारही मिळतो, आणि विहीरवाल्याला त्यासाठी काही मोजावे लागत नाही. बाह्य परिणाम असे दोन्ही बाजूंनी असतात. ठिबकचे गुणगान करताना हा झिरपा आपण हिशेबात धरत नाही, हे मला खटकते.

कायदा मात्र पुढे आहे. महाराष्ट्राने 2005 साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने पाणी वापर संस्थांना घनमापाने मोजून पाणी देण्याची सोय केली. विहिरींचे काय? तिथे पाण्याला दर नाही, आणि एप्रिल 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीजही मोफत. मोटार चालू ठेवायला खर्च नाही, बंद करायला कारण नाही.

चारीच्या तोंडाशी मोजमाप बसवून संस्थेला हिशेबाने पाणी दिले, तर निदान कालव्यापुरता हा पेच सुटू शकतो. विहिरींचा पेच अधिक अवघड आहे. त्याविषयी पुढील लेखांकात.