शेळीपालनाचा वेगळा ग्रुप कधी काढावा?



ग्रामसंघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बैठकीचा निरोप येतो, हप्त्याची आठवण येते, सुप्रभात येतं, वाढदिवस येतात. त्यातच एखादी विचारते, "शेळीचं पोट फुगलंय, काय करू?" थोड्या वेळात तो प्रश्न खाली जातो, कुणाला दिसत नाही. पोटफुगीत शेळी काही तासांत दगावू शकते. संध्याकाळी उत्तर मिळून काय उपयोग?

म्हणून वेगळा ग्रुप हवा. पण तो काढण्याआधी आम्ही तीन गोष्टी बघतो. एकाच कामाचे प्रश्न दर आठवड्याला येतात का? ते मोठ्या ग्रुपवर हरवतात का? आणि उत्तर देणारी कुणी आहे का, म्हणजे पशुसखी किंवा वर्षानुवर्षं शेळ्या राखलेली बाई? तिन्हींना 'हो' असेल तरच ग्रुप काढायचा. नुसत्या हौसेचा ग्रुप लवकरच ओस पडतो, नाहीतर तिथंही सुप्रभात सुरू होतं.

एका ग्रुपमध्ये १०२४ जणी मावतात, म्हणून भरायच्या नाहीत. शेळ्या असलेल्या दहा-बारा जणींपासून सुरुवात करा. न विचारता कुणाचा नंबर टाकू नका. पुष्कळ घरांत फोन नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. ग्रुपचं नाव कामाचंच ठेवा. अ‍ॅडमिन दोघी असू द्या, एक रानात गेली तर दुसरी बघेल. अ‍ॅडमिनच्या मंजुरीशिवाय नवीन कुणी येणार नाही, अशी सोय सेटिंगमध्ये असते. ती चालू करा.

पहिले दोन महिने विषय आपणच काढायचे: पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस, करडांचं जंताचं औषध, बाजारातला भाव. लिहिता येत नसेल तिनं बोलून पाठवावं. एकही प्रश्न तसाच राहू देऊ नका. 'डॉक्टरांना विचारून सांगते' एवढं तरी कळवा. औषध किती द्यायचं ते मात्र ग्रुपवर ठरवू नका. त्यासाठी पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा नंबर लावा. कुणी ओटीपी मागितला तर देऊ नका, आणि पैशाची फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला कळवा.

ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांना ग्रुपवरची कामाची माहिती बचत गटाच्या बैठकीत सांगा. शेळी त्यांच्याही दारात आहे.