हार्ड डिस्क बंद पडल्यास : माहितीची साध्यासाध्यता

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या व्यवसायातील नोंदींचे स्वरूप पालटले आहे. रुग्णपत्रके, अष्टविध परीक्षेच्या नोंदी, पंचकर्मापूर्वीची व नंतरची छायाचित्रे, फार्मसीतील कच्च्या द्रव्यांची आवक, प्रत्येक बॅचचे निर्मितिपत्रक, विक्रीची बिले असे सर्व काही आता संगणकातील एका हार्ड डिस्कवर साठवलेले असते. ती डिस्क एके सकाळी सुरू झाली नाही तर नुकसान यंत्राच्या किमतीपुरते राहत नाही. दहा वर्षे चिकित्सा घेणाऱ्या आमवाताच्या रुग्णाला कोणता कल्प मानवला व कोणता मानवला नाही, हा उपशयानुपशय त्याला पुन्हा विचारून मिळत नाही. औषधनिर्मात्यांना १९४५ च्या औषध नियमावलीतील शेड्यूल टीनुसार प्रत्येक बॅचची नोंद ठेवावी लागते; जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात.

म्हणून हार्ड डिस्क निकामी झाल्यावर माहिती परत मिळवण्याचे शास्त्र काय आहे, याची ओळख आम्ही या लेखात करून देत आहोत. त्यातील मुख्य सूत्र आरंभीच सांगतो. डिस्क बिघडली तरी तिच्यावरील माहिती अनेकदा शाबूत असते. ती हाती येणार की नाही, हे बिघाडानंतरच्या पहिल्या तासात आपण काय करतो यावर पुष्कळसे अवलंबून असते.

रचना

पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. आजची डिस्क तळहातावर राहते, परंतु मूळ तत्त्व तेच आहे. धातूच्या किंवा काचेच्या चकतीवर चुंबकीय द्रव्याचा अतिसूक्ष्म थर असतो. चकती मिनिटाला सामान्यतः ५४०० किंवा ७२०० फेऱ्या घेते आणि तिच्यावरून वाचन-लेखन करणारे शीर्ष, म्हणजे हेड, अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगत जाते. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ८० हजार नॅनोमीटर असते, यावरून हे अंतर किती अल्प आहे याची कल्पना यावी. हेड चकतीला टेकले की तो थर खरवडला जातो, आणि जेवढा थर गेला तेवढी माहिती कायमची गेली.

माहिती कोठे आहे याची सूची डिस्कवर वेगळी ठेवलेली असते. ग्रंथालयातील कपाटे आणि तेथील सूचिपत्रे यांचा जो संबंध, तोच येथे आहे. आपण एखादी फाइल काढून टाकतो तेव्हा सामान्यतः फक्त सूचीतील नोंद रद्द होते आणि ती जागा मोकळी मानली जाते. ग्रंथ कपाटातच असतो. त्या जागी दुसरी फाइल लिहिली गेली की मगच तो खरोखर नाहीसा होतो.

प्रकार व रूपे

यावरून बिघाडाचे दोन मुख्य प्रकार होतात. पहिला सूचीचा, दुसरा यंत्राचा. या दोहोंत भेद करता आला की निम्मे काम झाले.

सूचीच्या बिघाडात डिस्क नेहमीसारखी फिरते आणि संगणकाला तिचे नाव व क्षमता बरोबर दिसते. मात्र विंडोज सुरू होत नाही, किंवा ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ असा प्रश्न पडद्यावर येतो. या प्रश्नाला नकार द्यावा. यंत्राच्या बिघाडात ठरावीक अंतराने टकटक किंवा घासल्यासारखा आवाज येतो, चकती फिरतच नाही, क्षमता भलतीच दिसते किंवा जळका वास येतो. या दोहोंच्या मध्ये तिसरी अवस्था आहे. चकतीवरील काही भाग वाचता येईनासे होतात, त्यांना बॅड सेक्टर म्हणतात. अशा वेळी संगणक अतिशय मंद होतो आणि एकेक फाइल उघडायला काही मिनिटे लागतात.

निदान करण्यापूर्वी व्यभिचारी कारणे वगळावीत. केबल सैल आहे काय, विद्युतपुरवठा करणारा भाग जळाला आहे काय, बाहेरून जोडायच्या डिस्कची फक्त पेटी बिघडली आहे काय, हे आधी पाहावे. संगणक बंद पडला म्हणजे हार्ड डिस्क गेलीच असे नाही.

पूर्वरूपांविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. या व्यवस्थेला स्मार्ट म्हणतात आणि ती नोंद वाचणारी सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. गूगल कंपनीतील संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या डिस्कच्या तपासणीत पहिली त्रुटी आढळली, ती पुढील ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट असल्याचे त्यांना दिसले. मात्र त्याच अभ्यासात निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कवर स्मार्टच्या चार प्रमुख लक्षणांपैकी एकही दिसले नव्हते. म्हणून पूर्वरूप दिसले तर त्याच दिवशी माहितीची प्रत काढावी. दिसले नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

साध्यासाध्यता

चुकून काढून टाकलेली फाइल, क्विक फॉरमॅट झालेली डिस्क, बिघडलेली विंडोज, हरवलेले पार्टिशन हे सर्व, डिस्क निरोगी असेल आणि तिच्यावर नवीन काही लिहिले गेले नसेल तर, सुखसाध्य आहे. बॅड सेक्टर, निकामी झालेले हेड, जळालेले सर्किट बोर्ड हे कृच्छ्रसाध्य. त्यातील शेवटच्या दोहोंसाठी प्रयोगशाळाच हवी.

असाध्य अवस्था पुढीलप्रमाणे : माहितीवर दुसरी माहिती लिहिली गेली, चकतीचा थर खरवडला गेला, किंवा डिस्क सांकेतिक कुलपात आहे आणि किल्ली हरवली. फुल फॉरमॅटही याच वर्गात येते, कारण विंडोज व्हिस्टापासून पुढे ते संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिते. एसएसडी या चकतीविरहित साठवणीत आणखी एक अडचण आहे. विंडोज ७ पासून ट्रिम नावाची आज्ञा काढून टाकलेल्या फाइलची जागा मोकळी झाल्याचे एसएसडीला कळवते आणि एसएसडी ती जागा स्वतःच पुसून टाकते. म्हणून एसएसडीवरून काढलेली फाइल बहुधा परत मिळत नाही.

बाह्य स्वरूप पाहून मात्र असाध्यतेचा निर्णय देऊ नये. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया अंतराळयान परतीच्या प्रवासात नष्ट झाले. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्यू पावले. यानाच्या अवशेषांत एका वैज्ञानिक प्रयोगाची हार्ड डिस्क सापडली. ती करपलेली होती आणि सील जळाल्यामुळे आत धूळ शिरली होती. क्रोल ऑनट्रॅक या संस्थेच्या तंत्रज्ञांनी चकत्या स्वच्छ करून नव्या यंत्रणेत बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळवली. झेनॉन वायूच्या त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्धही झाले. डिस्क जेमतेम अर्धी भरलेली होती, जुन्या डॉस प्रणालीमुळे माहिती विखुरलेली नव्हती आणि चकतीचा नेमका तो भाग बचावला होता. अग्नीतून व आकाशातून पडूनही जी माहिती टिकली, ती तिच्यावर नवी विंडोज टाकली गेली असती तर टिकली नसती.

चिकित्साक्रम

प्रथम संगणक बंद करावा. ‘पुन्हा एकदा सुरू करून पाहू’ हा मोह टाळावा, कारण विंडोज चालू असताना ती स्वतःहून डिस्कवर काही ना काही लिहीत असते आणि दुखावलेले हेड प्रत्येक फेरीत चकतीला इजा करू शकते.

दुसरे, तंत्रज्ञ आल्यावर ‘संगणक सुरू करून द्या’ असे न म्हणता ‘आतील माहिती हवी आहे’ असे पहिल्या वाक्यातच सांगावे. संगणक सुरू करण्याचा त्याचा नेहमीचा उपाय म्हणजे फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकणे. त्याचा हेतू चांगला असतो. आपले सांगणेच अपुरे असते.

तिसरे, डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि सर्वप्रथम तिची संपूर्ण प्रतिकृती दुसऱ्या, तेवढ्याच किंवा अधिक क्षमतेच्या डिस्कवर घ्यावी. यासाठी डीडीरेस्क्यू हे विनामूल्य साधन उत्तम आहे. ते आधी निरोगी भाग वाचून घेते, दुखावलेल्या भागांकडे शेवटी वळते आणि कोठवर वाचन झाले याची नोंद ठेवते. त्यामुळे काम मध्येच थांबले तरी पुढे चालू करता येते. विंडोजची चेकडिस्क ही दुरुस्तीची आज्ञा मात्र मूळ डिस्कवर कदापि चालवू नये. ती सूची सुधारण्यासाठी डिस्कवर लिहिते, आणि दुखावलेल्या डिस्कवर त्यातूनच फाइली तुटतात.

चौथे, पुढील सर्व प्रयोग प्रतिकृतीवर करावेत. हरवलेल्या पार्टिशनसाठी टेस्टडिस्क, तर सूचीच नष्ट झाली असल्यास फोटोरेक ही विनामूल्य साधने आहेत. फोटोरेक फाइलीच्या अंतर्गत खुणांवरून ती ओळखते, त्यामुळे फाइल मिळाली तरी तिचे मूळ नाव बहुधा मिळत नाही. हजारो निनावी फाइली उघडून ओळखण्याची तयारी ठेवावी. मिळालेल्या फाइली तिसऱ्याच डिस्कवर साठवाव्यात.

टकटक आवाज येत असेल तर यातील काहीही करू नये. डिस्क बंद ठेवून प्रयोगशाळेकडे द्यावी. खर्चाचा लेखी अंदाज घ्यावा. रुग्णांची माहिती तिऱ्हाइताच्या हाती जाते आहे याचे भान ठेवून गोपनीयतेची लेखी हमीही घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर तर ही दक्षता अधिकच अगत्याची झाली आहे. नव्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकरचे कुलूप मालकाच्या नकळत चालू असू शकते. त्याची ४८ अंकी किल्ली आजच शोधून कागदावर लिहून ठेवावी.

अपथ्य

डिस्क फ्रीजरमध्ये ठेवणे, तिच्यावर टिचकी मारणे, झाकण उघडून पाहणे हे उपाय ऐकिवात असतात. फ्रीजरमधून काढल्यावर आत बाष्प साचते. झाकण उघडल्यावर धुळीचा कण हेड आणि चकती यांच्यामध्ये अडकतो. दुसऱ्या डिस्कचे सर्किट बोर्ड बसवणेही आता व्यर्थ आहे, कारण प्रत्येक बोर्डावर त्या त्या डिस्कची खास मापे कोरलेली असतात.

पुराविषयी विशेष सांगावेसे वाटते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड या भागांत घराघरांत व दुकानांत पाणी शिरले. बुडालेली डिस्क उन्हात किंवा केस वाळवण्याच्या यंत्राने वाळवू नये. चिखल चकतीवर सुकून घट्ट बसतो. ती ओलसर असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून, वीज न जोडता, प्रयोगशाळेकडे पाठवावी.

मराठी फाइलींबाबत

परत मिळालेली फाइल उघडल्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरे व चिन्हे दिसली की ‘फाइल बिघडली’ असे समजून ती टाकून दिली जाते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपण श्रीलिपी, आयएसएम, शिवाजी, कृतिदेव अशा टंकांत लिहीत असू. तो टंक नव्या संगणकात नसेल तर संपूर्ण निर्दोष लेखही असाच दिसतो. योग्य टंक बसवताच तो वाचता येतो. जुने टंक, त्यांची सॉफ्टवेअर व हार्डवेअर लॉक जपून ठेवावेत आणि महत्त्वाचे जुने लेख सवडीने युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावेत.

रक्षण

आपल्या शास्त्रात निरोग्याचे आरोग्य राखणे आधी आणि व्याधीचा प्रशम नंतर सांगितला आहे. येथेही तोच क्रम आहे. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातील एक प्रत वेगळ्या वास्तूत, हा ३-२-१ चा नियम पाळावा. प्रत काढून झाल्यावर ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी. कायम जोडलेली प्रत खंडणीखोर व्हायरसच्या तडाख्यात मूळ माहितीबरोबरच सापडते. टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील बॅकअपची सोय रोज वापरावी. वर्षातून एकदा त्या प्रतीवरून एखादी फाइल खरोखर परत काढून पाहावी, कारण अनुभव घेतल्याशिवाय प्रत खात्रीची मानता येत नाही. ३१ मार्च हा दिवस २०११ पासून जागतिक बॅकअप दिन म्हणूनही पाळला जातो. वर्षअखेरीच्या कामांत या एका कामाची भर घालणे कोणालाच जड जाऊ नये.

दवाखान्यात किंवा फार्मसीत संगणकावर बहुधा आपले सहायक बसतात आणि बिघाड प्रथम त्यांच्याच लक्षात येतो. त्यांच्यासाठी पुढील चार वाक्ये कागदावर लिहून संगणकाजवळ लावावीत, अशी आमची विनंती आहे.

१. संगणक बंद करा व पुन्हा सुरू करू नका.
२. पडद्यावरील फॉरमॅट किंवा दुरुस्तीच्या प्रश्नाला होकार देऊ नका.
३. तंत्रज्ञाला प्रथम सांगा : माहिती हवी आहे, आधी प्रतिकृती घ्या.
४. डिस्कमधून आवाज येत असेल तर कोणीही काहीही करू नका. वैद्यांना अथवा मालकांना कळवा.